वाळूजचा सर्व्हर, मुंबईचा पहारा

सर्व्हरवर नजर ठेवणारी प्रणाली दर मिनिटाला काही साधेच प्रश्न विचारत असते. डिस्क किती भरली, मेमरी किती उरली, डेटाबेस उत्तर देतो का, रात्रीचा बॅकअप झाला का. उत्तर ठरवलेल्या मर्यादेबाहेर गेले की ती जबाबदार माणसाच्या फोनवर निरोप धाडते. मोठ्या बँका या कामासाठी चोवीस तास माणसे बसवतात. छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज, चिकलठाणा किंवा शेंद्रा औद्योगिक वसाहतीतल्या मध्यम कारखान्याला ते परवडत नाही. गरज मात्र त्यालाही असते.

१९८५ मध्ये वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्या आजूबाजूला सुटे भाग बनवणाऱ्यांची साखळी वाढत गेली. या साखळीत माल वेळेवर पोहोचण्याला फार किंमत. त्यातच ५ कोटींहून अधिक वार्षिक उलाढालीच्या बहुतेक व्यवसायांना १ ऑगस्ट २०२३ पासून दुसऱ्या व्यवसायाला माल विकताना ई-इन्व्हॉइस काढावेच लागते. बिलिंगचा सर्व्हर बसला की बिल अडते, ई-वे बिल अडते आणि भरलेली गाडी गेटवर उभी राहते. कारण अनेकदा क्षुल्लक निघते: जुन्या बॅकअपनी डिस्क भरलेली असते. आदल्या संध्याकाळी कळले असते, तर दहा मिनिटांचे काम.

ही प्रणाली कारखान्यातच ठेवली तर एक खोट राहते. लाईट गेली, यूपीएसही संपला, की सर्व्हर आणि त्याच्यावर नजर ठेवणारा संगणक एकदमच बंद पडतात; निरोप पाठवायला कोणी उरत नाही. पहारेकरी घराबाहेरच हवा. त्यासाठी क्लाउड सोयीचे, आणि ते आता दूरही नाही. मायक्रोसॉफ्टचे पुण्यातले केंद्र २०१५ पासून चालू आहे, ॲमेझॉनचे मुंबईतले २०१६ पासून, तर गूगलचे २०१७ पासून.

या कामाच्या मोफत आणि खुल्या प्रणालींमध्ये झॅबिक्स जुनी. लाटव्हियातल्या अलेक्सेई व्लादिशेव्ह यांनी १९९८ मध्ये बँकेत काम करताना तिची सुरुवात केली आणि २००१ मध्ये ती सर्वांसाठी खुली केली. ती मुळापासून बसवायची तर लिनक्स, डेटाबेस, वेब सर्व्हर आणि पीएचपी यांचा मेळ घालावा लागतो. नवख्याचा त्यात अख्खा दिवस मोडतो. क्लाउड कंपन्यांच्या मार्केटप्लेसमध्ये मात्र हे सगळे आधीच बसवलेली इमेज तयार मिळते. केंद्र निवडायचे, यंत्राचा आकार निवडायचा (दहा-वीस सर्व्हरसाठी छोटे यंत्र चालून जाते), आणि काही मिनिटांत लॉगिनचे पान समोर येते.

तयार इमेजने वाचते ती उभारणीची मेहनत. पुढचे निर्णय माणसालाच घ्यावे लागतात. पहिला पासवर्डचा. झॅबिक्सचे मूळ खाते जगभर एकच असते: नाव ‘ॲडमिन’, पासवर्ड ‘झॅबिक्स’. काही इमेज पहिल्यांदा सुरू होताना नवा पासवर्ड बनवून देतात, सगळ्या नाही. अशी उघडी पाने हुडकणारे प्रोग्राम इंटरनेटवर अहोरात्र फिरत असतात. म्हणून पासवर्ड लगेच बदलायचा, आणि ते पान व्हीपीएनमागे ठेवलेले बरे.

त्यानंतर प्रत्येक सर्व्हरवर ‘एजंट’ नावाचा छोटा प्रोग्राम बसवतात. तो दोन तऱ्हांनी चालतो. एकीत क्लाउडकडून १००५० क्रमांकाच्या पोर्टवर विचारणा येते. त्यासाठी कारखान्याच्या राउटरमध्ये बाहेरून आत यायची वाट उघडावी लागते. दुसरीत एजंट स्वतःच क्लाउडच्या १००५१ पोर्टवर माहिती पाठवतो. साध्या ब्रॉडबँडवर चालणाऱ्या, स्थिर आयपी नसलेल्या कारखान्याला दुसरीच तऱ्हा बरी. क्लाउडवरच्या यंत्राला मात्र राखीव पत्ता घ्यावा. ॲमेझॉनवर यंत्र थांबवून पुन्हा चालू केले की त्याचा सार्वजनिक पत्ता एरवी बदलतो, आणि सगळे एजंट जुन्याच दारावर थापा मारत राहतात. दोन्ही टोकांना एकच गुप्त किल्ली देऊन हा संवाद कूटबद्ध करता येतो, तो करावाच.

या दुसऱ्या तऱ्हेत एक धोका दडलेला आहे. मेलेला सर्व्हर तक्रार करत नाही. माहिती येणे थांबते आणि पडद्यावर शेवटचे चांगले आकडे तसेच दिसत राहतात. त्यामुळे ‘पाच मिनिटे काहीच आले नाही’ हाही इशाराच धरायचा, तसा नियम आहे की नाही हे पाहून घ्यायचे. इंटरनेट वारंवार तुटत असेल तर कारखान्यात झॅबिक्सचा प्रॉक्सी ठेवता येतो. जोडणी नसताना तो माहिती साठवतो, मूळ सेटिंगमध्ये एक तासापर्यंत, आणि जोडणी आली की पुढे धाडतो.

झॅबिक्स गोळा करते ते आकडे म्हणजे लॉग, म्हणजे प्रणालीत काय काय घडले याच्या नोंदी, नव्हेत. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्यांना आपल्या प्रणालींचे लॉग १८० दिवस जपावे लागतात. त्याची सोय वेगळी करावी लागते.

इशाऱ्यांच्या मर्यादा नेमस्त ठेवाव्यात. दिवसाला पन्नास निरोप आले की माणूस फोन म्यूट करतो आणि एक्कावन्नावा, खरा निरोप हुकतो. सगळे लावून झाल्यावर एखाद्या सुट्टीच्या दिवशी एका सर्व्हरची नेटवर्क केबल मुद्दाम काढून पाहावी. दहा मिनिटांत कुणाचाच फोन वाजला नाही, तर यंत्रणा अजून उभी राहिलेली नाही.