दुसऱ्याचे पाप आणि आपले

दरवर्षी शिमग्याच्या आगेमागे ख्रिस्ती समाजाचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ येतो. बेळगावच्या कॅम्प भागात त्याच्या पहिल्या बुधवारी कपाळावर राखेचा क्रूस घेतलेली माणसे दिसतात. भस्म आम्हां हिंदूंना परके नाही. त्यामुळे त्या दृश्याचे आम्हांस नवल वाटत नाही. नवल वाटावे ते त्यामागील विचाराचे. पाप ही माणसाने आपल्या देवाशी परस्पर मिटवून टाकावयाची बाब नसून, ज्या मंडळीत तो राहतो त्या मंडळीलाही त्याविषयी विचारण्याचा अधिकार आहे, असे हा विचार मानतो.

किनारपट्टीवरील वाचकाला येथे प्रथम आठवेल ते गोव्याचे इन्क्विझिशन. 1560 पासून 1812 पर्यंत, मधला अल्प खंड सोडल्यास, ते चालले. पापाची दखल त्यानेही घेतली, पण ती दुसऱ्याच्या पापाची. बाटलेल्या कुटुंबाच्या अंगणात तुळस आहे काय, याची चौकशी करणाऱ्यांना स्वतःच्या अंतःकरणात डोकावण्यास सवड झाली नसावी. 12 मार्च 2000 रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी रोममध्ये, चर्चच्या लेकरांनी सत्याच्या नावाखाली केलेल्या बळजबरीबद्दल देवाकडे जाहीर क्षमा मागितली. गोव्याचे नाव त्या प्रार्थनेत नव्हते. आमच्या वाचकांस हे खटकेल, आणि खटकावेही. तथापि चौकशीचा रोख येथे आतल्या बाजूस वळला, हेही नाकारता येत नाही.

अशा आत वळलेल्या चौकशीचा एक जुना नमुना ज्या पंथात सापडतो, त्याची मंडळी बेळगावात आहे. 1820 साली लंडन मिशनरी सोसायटीचे जोसेफ टेलर तेथे आले. पुढे हे कार्य अमेरिकन मेथॉडिस्टांच्या हाती गेले. बेनन स्मिथ हायस्कूलमुळे ही परंपरा बेळगावकरांस परिचित आहे. या पंथाचे जनक जॉन वेस्ली यांनी इंग्लंडात चालविलेली एक रीत मोठी मनोवेधक आहे. 1742 मध्ये ब्रिस्टल येथील प्रार्थनागृहाचे कर्ज फेडण्यासाठी सभासदांचे सुमारे बारा-बाराचे गट पाडले आणि प्रत्येकाकडून आठवड्याला एक पेनी गोळा करावयाची ठरली. पेनी मागण्यास घरोघर गेलेल्या गटप्रमुखांना सभासदांचे खरे जीवन दिसू लागले. कोणी दारूच्या नादी लागलेला, कोणी घरात भांडणारा. त्यातून आठवड्याची बैठक निघाली. तुझा आत्मा कसा आहे, हा प्रश्न तेथे प्रत्येकास विचारला जाई. सभासदत्वाचे तिकीट तीन महिन्यांपुरतेच मिळे. वर्तन सुधारले नाही तर ते पुन्हा मिळत नसे.

1743 च्या त्यांच्या नियमावलीत टाळावयाच्या गोष्टींत अन्यायी व्याज आहे, दारूची खरेदी-विक्री आहे, आणि जकात न भरलेल्या मालाचा व्यवहारही आहे. (गोव्याहून चोर्ला घाटाने वर चढणाऱ्या बाटल्या ज्यांना ठाऊक आहेत, त्यांनी हे कलम दोनदा वाचावे.) पाप म्हणजे काहीतरी धूसर, पारलौकिक वस्तू नव्हे, ते तागडीत, वहीखात्यात आणि गोणीत सापडते, ही त्यातील खरी समज.

हीच समज घेऊन निपाणीच्या पेठेत जावे. विडीच्या धंद्यात वळणारणीच्या काही विड्या वाईट म्हणून बाजूला काढावयाच्या, त्यांची मजुरी कापावयाची आणि विड्या मात्र ठेवून घ्यावयाच्या, ही चाल जुनी आहे. तंबाखूच्या भावासाठी 1981 साली शेतकरी महामार्गावर बसले आणि 6 एप्रिलच्या गोळीबारात त्यांच्यापैकी अनेकांचे प्राण गेले. मजुरी कापणे आणि भाव पाडणे यांना पेठेत धंदा म्हणतात. पाप हा शब्द कोणी उच्चारीत नाही. देवदर्शन करून दुकान उघडणारे आम्हीही तो उच्चारीत नाही. शुभवर्तमानातील जक्कय हा जकातदार मात्र लोकांदेखत म्हणाला की, ज्याचे लुबाडले त्याला चौपट परत करीन. नुसती कबुली त्याला पुरेशी वाटली नाही.

याच निपाणीत एप्रिल 1925 मध्ये डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली बहिष्कृत वर्गाची प्रांतिक परिषद भरली होती. अस्पृश्यतेला हिंदू समाज धर्म म्हणत होता. धर्मांतर केलेल्यांना चर्चमध्ये तरी समता मिळाली काय? भारतातील कॅथॉलिक बिशपांच्या परिषदेने डिसेंबर 2016 मध्ये दलितांविषयीचे धोरण प्रसिद्ध केले आणि जातिभेद चर्चच्या आतही आहे, व तो पाप आहे, असे मान्य केले. हे मान्य करावयास फार उशीर झाला. परंतु आमच्या कोणत्या पीठाने इतक्या स्पष्ट शब्दांत असा ठराव केला आहे, याचा शोध घेताना आमची पंचाईत होते.

चर्चचा सर्वांत अवघड प्रसंग मात्र याहून निराळा. लहान मुलांवरील अत्याचार संस्थेच्या अब्रूसाठी झाकून ठेवल्याचे अनेक देशांत उघड झाले. पापकबुलीसाठी 1215 पासून वर्षातून निदान एकदा प्रत्येक कॅथॉलिकास गुरूपुढे गुडघे टेकावयास लावणाऱ्या संस्थेने स्वतः मात्र कोणापुढे कबुली दिली नव्हती. गोव्यात जिला कुमसार म्हणतात तीच ही कबुली. पोप फ्रान्सिस यांच्या 2019 च्या आदेशाने अशी माहिती वरिष्ठांस कळविणे धर्मगुरू व साध्वी यांच्यावर बंधनकारक केले. आमच्या देशात त्याआधीच, 2012 च्या कायद्याने, ती पोलिसांस कळविणे प्रत्येकावर बंधनकारक झालेले आहे. आणि त्या प्रत्येकात बेळगावचा पाळक येतो, तसा आमचा पुजारी, महंत आणि देवस्थानचा विश्वस्तही येतो.