गोंयच्या सायबाचे दर्शन

भगवान बुद्धांचे मानले जाणारे देहावशेष आपल्या बडोद्यात, विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागात आहेत, हे इथे चार-चार पिढ्या राहिलेल्या आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? शामळाजीजवळच्या देवनी मोरी येथे विद्यापीठाने १९६० ते १९६३ या काळात उत्खनन केले, त्यात स्तूपाच्या पोटात एक दगडी करंडक सापडला. हे दशबल बुद्धाच्या शरीराचे निवासस्थान, असा त्यावर लेख आहे. स्तूपाची जागा आता मेश्वो धरणाच्या पाण्याखाली गेली. मलाही हा करंडक आठवला तो एका ख्रिस्ती बाईंमुळे.

या बाई मूळच्या गोव्याच्या. रेल्वेच्या नोकरीतून निवृत्त झालेल्या, माझ्या दवाखान्यात वीसेक वर्षे येणाऱ्या. २०२४ च्या ऑक्टोबरात सुजलेले गुडघे घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "डॉक्टर, सायबाच्या दर्शनाला जायचंय. रांगेत चार तास उभी राहीन का?" मी स्पष्ट नाही म्हटले. त्यावर त्या म्हणाल्या, "मग पुढच्या खेपेला, २०३४ साली, मी ब्याण्णव वर्षांची असेन. तेव्हा हो म्हणाल?" माझ्याकडे उत्तर नव्हते. शेवटी डिसेंबरात आम्ही दोघे पती-पत्नी त्यांच्यासोबत मडगावच्या गाडीत बसलो.

'गोंयचो सायब' म्हणजे संत फ्रान्सिस झेवियर. जन्म १५०६, स्पेनच्या उत्तरेकडील नावार्‌ प्रांतात. १५४२ च्या मे महिन्यात ते गोव्यात उतरले आणि ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या किनाऱ्याजवळील शांगछुआन बेटावर वारले. मांस लवकर झडावे आणि अस्थी भारतात नेता याव्यात म्हणून शवपेटीत चुना भरला होता. अडीच महिन्यांनी पेटी उघडली तर देह जसाच्या तसा. तिथून तो मलाक्काला नेला, तिथे पेटीशिवाय मातीत पुरला, पुन्हा काढला आणि मार्च १५५४ मध्ये गोव्यास आणला. चुन्याबद्दल डॉक्टर म्हणून एवढे सांगतो की, त्याने मांस झडते ही समजूत जुनी आहे. प्रत्यक्षात चुना ओल शोषतो आणि कुजण्याची क्रिया मंदावते. मलाक्काच्या दमट मातीचा खुलासा मात्र मला करता येणार नाही.

ख्रिस्ती परंपरेत पवित्र अवशेषांचे तीन दर्जे सांगतात. पहिला खुद्द देहाचा अंश, दुसरा संताने वापरलेली वस्तू, तिसरा पहिल्याला नुसती स्पर्शलेली वस्तू. (तिसऱ्या दर्जावर मी हसत नाही. माझ्या पांढऱ्या गोळ्यांत मूळ औषधाचे किती उरते, हे आपण मला कितीदा तरी विचारले आहे!) अवशेषांना मान द्यायचा, पूजा एकट्या देवाची, असा भेद चर्च करते आणि ट्रेंट येथील धर्मपरिषदेने १५६३ साली या मानाला दुजोरा दिला. आपल्याकडे शिखरजीवर आम्ही चरणपादुकांना नमस्कार करतो, अस्थींना नाही. पण श्वेतांबर आगमांत तीर्थंकरांच्या दाढा इंद्राने स्वर्गात नेऊन डब्यांत ठेवल्याचे वर्णन आहेच. तेव्हा कल्पना परकी नाही.

झेवियर यांचा उजवा हात १६१४ साली कोपरापासून कापून रोमला पाठवला गेला. तो तिथल्या जेझू चर्चमध्ये आहे. उरलेला देह जुन्या गोव्यातील बॉम जेझूस बॅसिलिकेत, गोव्याच्याच सोनारांनी १६३७ च्या सुमारास घडवलेल्या चांदीच्या पेटीत आहे. खालचा संगमरवरी चौथरा टस्कनीच्या ड्यूक कोझिमो तिसरा यांनी पाठवला, तो १६९८ मध्ये बसवला. पेटी इतकी उंच की एरवी खालून फारसे काही दिसत नाही.

सार्वजनिक दर्शनाची प्रथा सुरू झाली ती संशयातून. १७५९ मध्ये पोर्तुगालने जेझुइटांना हद्दपार केले, तेव्हा जाताना त्यांनी देह बदलला, अशी कुजबुज झाली. ती मिटवण्यासाठी १७८२ च्या फेब्रुवारीत देह लोकांना दाखवला. अलीकडे हे दर्शन दर दहा वर्षांनी असते. त्या खेपेचे २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ असे होते. मिरवणुकीने देह रस्त्यापलीकडच्या से कॅथेड्रलमध्ये नेतात आणि लोक काचेच्या पेटीसमोरून जातात. नेमका या दर्शनाच्या तोंडावर, ऑक्टोबरात, देहाची डीएनए चाचणी करा, अशी जाहीर मागणी झाली आणि गोवा पेटला. लोक रस्त्यावर उतरले, पोलिसांत तक्रारी गेल्या. १७८२ ची कुजबुज नव्या यंत्रासह परतली म्हणा ना. चाचणीने देह कोणाचा ते ठरेलही, पण सोबतच्या बाईंच्या प्रश्नाशी तिचा संबंध काय?

एक गोष्ट लपवता कामा नये. गोव्यात धर्मन्यायालय नेमावे, असे झेवियर यांनीच १५४६ साली पोर्तुगालच्या राजाला लिहिले होते. ते आले १५६० मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर. त्याखाली झालेला छळ कोकणातल्या कित्येक घराण्यांच्या स्थलांतराच्या आठवणीत आहे. आपल्यापैकी काहींच्या घरीही असेल. रांगेत उभा असताना हे माझ्या मनातून जात नव्हते. आणि त्याच रांगेत माझ्यापुढे कपाळाला कुंकू लावलेल्या दोन बायका होत्या, मालवणी बोलणाऱ्या. त्यांना विचारले, तर म्हणाल्या, "आमची आयस येय, म्हणान आमी येतंव." बेळगाव-खानापूरकडून आलेले जथेही होते, काही तर पायी आलेले. त्यांच्या भेगाळलेल्या टाचा पाहून पंढरीच्या वाटेवर कधी टाचांना मलम लावत बसलो होतो, ते आठवले.

दर्शन म्हणाल तर दोनचार सेकंदांचे. काळवंडलेला, आक्रसलेला लहानसा चेहरा आणि भरजरी वस्त्र. वैद्यकीय नजरेने पाहायचे ठरवून गेलो होतो, ते विसरून गेलो. बाई काचेसमोर थांबल्या नाहीत, ओठ हलवत पुढे सरकल्या. त्यांना त्या दिवशी खुर्ची लागली नाही. रात्री मात्र दोन्ही गुडघे टम्म फुगले आणि मला बर्फ शोधत हिंडावे लागले.

बाहेर पटांगणात मेणाचे हात, पाय, डोळे, लहान बाळे विकायला असतात. जो अवयव दुखतो, तो घेऊन संताला वाहायचा. बाईंनी एक मेणाचा पाय घेतला. मी विचारले, दुखतात दोन्ही, मग एकच का?

"उजवा सायबावर सोडलाय," त्या म्हणाल्या, "डावा तुमच्या गोळ्यांवर."