डोंगरमाथ्यावरून सी क्यू, सी क्यू!

एखाद्या रविवारी कॅनबेराच्या किंवा मेलबर्नजवळच्या डोंगरावर फिरायला गेलात आणि माथ्यावर खडकाला टेकून बसलेले एक गृहस्थ दिसले, तर दचकू नका. शेजारी मासे पकडायची लांबलचक काठी आभाळात उभी केलेली, तिच्या टोकावरून दोन बाजूंना उतरलेल्या तारा, मांडीवर वही-पेन्सिल आणि तोंडाने एकच जप, "सी क्यू सोटा, सी क्यू सोटा!" डोकं अगदी ठिकाणावर आहे त्यांचं. हे 'हॅम', म्हणजे परीक्षा देऊन स्वतःचं कॉलसाइन मिळवलेले हौशी रेडिओवाले. 'सी क्यू' म्हणजे 'कोणी आहे का बोलायला?' आणि सोटा म्हणजे, मंडळी, आपल्या आजोबांच्या हातातला सोटा नव्हे! 'समिट्स ऑन द एअर' या इंग्रजी नावाची ती आद्याक्षरं.

हा उद्योग २ मार्च २००२ रोजी ब्रिटनमध्ये सुरू झाला. ऑस्ट्रेलियात पहिला मान व्हिक्टोरियाचा, फेब्रुवारी २०१२ मध्ये. पुढच्या काही वर्षांत बाकीची राज्यंही आली. नियम साधे पण कडक. डोंगर आजूबाजूच्या खिंडीपेक्षा निदान १५० मीटर उठावलेला हवा. उगाच टेकाडाला शिखर म्हणायचं नाही. सामान स्वतःच्या पाठीवरून न्यायचं, जनरेटर चालवायचा नाही, गाडीत बसून बोलायचं नाही. शेवटचा टप्पा स्वतःच्या ताकदीवर चढायचा आणि माथ्यापासून २५ मीटर उंचीच्या आत बसून संपर्क करायचे. काही ठिकाणी गाडी थेट माथ्यापर्यंत जाते. तिथे हे लोक गाडी लावतात, पाठपिशवी घेऊन त्या २५ मीटरच्या खाली चालत उतरतात आणि पुन्हा चढून येतात! तपासायला कोणी येत नाही. सगळा मामला सचोटीवर चालतो.

उंचीप्रमाणे शिखराला १ ते १० गुण, आणि उंच शिखरांना हिवाळ्यात ३ गुण जादा. एका शिखराचे गुण वर्षातून एकदाच. हजार गुण झाले की 'माउंटन गोट', म्हणजे पहाडी बोकड, ही पदवी. (घरच्यांनी ती आधीच दिलेली असते, हा भाग वेगळा.)

पण खरी गोम पुढेच आहे. गुण पदरात पडायला किमान चार वेगवेगळ्या स्टेशनांशी संपर्क झाला पाहिजे. आपल्यापैकी ज्यांनी तरुणपणी सह्याद्री पालथा घातला त्यांना कळसूबाईच्या माथ्यावर पोचलं की काम फत्ते झालं, एवढंच ठाऊक. इथे तसं नाही. पाच तास चढून, घामाघूम होऊन वर आलात आणि तीनच जण भेटले, तर गुण शून्य. चौथा माणूस कोण, कुठला, त्या वेळी घरी आहे की मुलाच्या क्रिकेटला गेलाय, यातलं काहीच आपल्या हाती नाही. म्हणून आदल्या दिवशी इंटरनेटवर कळवून ठेवतात, की अमुक वाजता अमुक डोंगरावर असेन. मग त्यांची वाट पाहणारे घरी रेडिओ लावून बसतात. त्यांना 'चेसर' म्हणतात आणि त्यांनाही गुण मिळतात. ज्यांना आता गुडघ्यांमुळे डोंगर चढवत नाही अशांनाही या खेळात अशी पूर्ण जागा आहे. वरच्याचा आवाज अगदी क्षीण असतो, तरी कान देऊन, दोनदा-तीनदा विचारून ते त्याचं कॉलसाइन पुरं करून घेतात. मला या सगळ्या प्रकारात ही गोष्ट सर्वांत लोभस वाटते.

आवाज क्षीण का? कारण रेडिओ असतो साधारण ५ वॉटचा. देवघरातल्या छोट्या बल्बाएवढी ताकद! पण तार नीट असेल तर तेवढ्यात कमाल होते. ७ मेगाहर्ट्झसाठी, म्हणजे ४० मीटरच्या पट्ट्यासाठी, प्रत्येक बाजूला सुमारे १० मीटर तार लागते. मधला भाग काठीवर आणि टोकं दोरीने झुडपांना. काठीला इथे 'स्क्विड पोल' म्हणतात. लहरी वरच्या आयनोस्फियरवरून परततात आणि व्हिक्टोरियातल्या डोंगरावरचं बोलणं ॲडलेडमध्ये किंवा न्यू साउथ वेल्समध्ये ऐकू येतं. १४ मेगाहर्ट्झवर दुपार कलताना पृथ्वीच्या लांबच्या बाजूने वळसा घालून युरोपही लागतो. अर्थात सूर्याची मर्जी हवी. ११ मे २०२४ च्या शनिवारी रात्री व्हिक्टोरियातसुद्धा आकाश गुलाबी-हिरवं झालं होतं, आठवतं? ज्या सौर वादळाने लोकांना तो सोहळा दाखवला त्यानेच शॉर्टवेव्हची पार दैना केली.

मग घरूनच का नाही बोलायचं? उत्तर आपल्या छपरांवर आणि भिंतींत आहे. सोलरचे इन्व्हर्टर, एलईडी दिवे, स्वस्त चार्जर यांची अखंड खरखर. शहरातल्या हॅमला कित्येकदा दुबळं स्टेशन ऐकूच येत नाही. डोंगरावर रेडिओ लावला की एकदम शांतता, आणि त्या शांततेत कुजबुज ऐकू येते. लहानपणी रात्री कान लावून रेडिओ सिलोन ऐकणाऱ्या पिढीला ही गंमत समजावून सांगायला नको. रेडिओ ऑस्ट्रेलियाने तर ३१ जानेवारी २०१७ रोजी शॉर्टवेव्ह बंदच केली.

नुसता खेळ म्हणून याकडे पाहू नये. १९७४ च्या नाताळात 'ट्रेसी' वादळाने डार्विन उद्ध्वस्त केलं तेव्हा बाहेर निरोप पोचवण्यात हौशी रेडिओवाल्यांचा मोठा वाटा होता. बॅटरीवर, मोकळ्या माळावर, पंधरा मिनिटांत स्टेशन उभं करायची सवय अशा वेळी कामी येते. व्हिक्टोरियाच्या हाय कंट्रीत आजही अनेक दऱ्यांमध्ये मोबाइलला रेंज नाही.

धोकेही आहेत. उन्हाळ्यात साप, वणव्याच्या दिवसांत बंद केलेली उद्यानं, आणि सर्वांत वाईट म्हणजे वीज. उघड्या माथ्यावर उभी काठी आणि तिला जोडलेली तार हातात! गडगडाट कानी आला की तीन संपर्क झाले असोत की शून्य, काठी उतरवून खाली निघायचं. चौथ्याची वाट पाहायची नाही.

कोणाला हुरूप आला असेल तर मोर्सची परीक्षा द्यावी लागेल ही भीती सोडा. ती अट जानेवारी २००४ मध्ये गेली. २००५ पासून नवशिक्यांसाठी 'फाउंडेशन' पातळी आहे आणि फेब्रुवारी २०२४ पासून दरवर्षी लायसन्सची फी भरायची कटकटही उरलेली नाही. 'वायरलेस इन्स्टिट्यूट ऑफ ऑस्ट्रेलिया' ही १९१० सालची संस्था. तिच्याकडे किंवा जवळच्या रेडिओ क्लबकडे चौकशी करावी. गंमत म्हणजे सक्ती गेल्यावर मोर्स शिकणारे बरेच भेटतात, कारण ५ वॉटमध्ये बोलण्यापेक्षा 'डा-डिट' लांब पोचतं.

सुरुवातीला सोपा डोंगर घ्या. कॅनबेराकरांना वॉर मेमोरियलच्या मागून चढणारा माउंट एन्सली, ८४३ मीटर. ॲडलेडकरांना माउंट लॉफ्टी. मग दमाने माउंट बोगाँग, १९८६ मीटर, व्हिक्टोरियातला सर्वांत उंच. आणि कॉझियस्को, २२२८ मीटर, म्हणजे आपल्या १६४६ मीटरच्या कळसूबाईपेक्षा बराच वर, पण चढायला तिच्याहून सोपा. थ्रेडबोहून चेअरलिफ्टने वर गेलं तरी चालतं, पुढचे साडेसहा किलोमीटर पायी. तिथे माथ्यावर झाड औषधालाही नाही आणि वारा उभा राहू देत नाही, तेव्हा काठी ताणायला तीन दोऱ्या आणि खुंट्या आठवणीने न्या.