जादूचं गुपित: राखावं कधी, फोडावं कधी

गिरगावात खोताच्या वाडीतून निघालं की सँडहर्स्ट रोड, म्हणजे आताचा सरदार वल्लभभाई पटेल मार्ग, चालत जाण्याइतका जवळ आहे. त्या रस्त्यावरच्या कॉरोनेशन थिएटरात 3 मे 1913 रोजी दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट लागला. चित्रपटवाले फाळके सगळ्यांना ठाऊक असतात, पण त्याआधी ते जादूगारही होते. एका जर्मन जादूगाराकडून ते ही विद्या शिकले आणि आडनावाची अक्षरं उलटी करून ‘प्रोफेसर केळफा’ या नावानं प्रयोग करू लागले. परेश मोकाशींच्या ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ या चित्रपटात हा जादूगार आपल्याला भेटतो.

याच फाळक्यांनी 1917 मध्ये ‘चित्रपट कसे तयार करतात’ नावाची छोटी फीत काढली. त्याच वर्षी त्यांचा ‘लंकादहन’ गाजत होता. पडद्यावर राम दिसला की प्रेक्षक पायातली पादत्राणं काढत, असं त्या काळाबद्दल सांगतात. लोक हात जोडत असताना हा माणूस त्यांना कॅमेऱ्यामागचं काम दाखवत होता. 1912 मध्ये ते लंडनला गेले, तेव्हा सेसिल हेपवर्थ या निर्मात्यानं आपला स्टुडिओ त्यांच्यासाठी खुला केला होता. मिळालेलं ज्ञान कोंडून ठेवलं तर हा धंदा इथे रुजणार नाही, हे फाळक्यांना कळत होतं.

पण जादूगारांची जमात अशी मोकळी नसते. लंडनच्या ‘मॅजिक सर्कल’ची स्थापना 1905 ची. गुपित न फोडणं हा तिचा पहिला नियम. तिचे पहिले अध्यक्ष डेव्हिड डेव्हंट यांनाही मासिकात प्रयोगांची उकल छापल्याबद्दल संस्थेचा रोष पत्करावा लागला. आपल्याकडे अशी लेखी घटना क्वचितच. पण घराण्याचा दंडक असतो. पुण्याच्या जादूगार रघुवीरांची विद्या मुलाकडे गेली, मुलाकडून नातवाकडे. रस्त्यावरच्या मदाऱ्याच्या घरात तर तेवढी एकच इस्टेट असते. शेत नाही, दुकान नाही. टोपलीखालचा आंबा कसा उगवतो, एवढं ठाऊक आहे.

ही इस्टेट कायद्याच्या नजरेत कुणाची? खरं सांगायचं तर जवळजवळ कुणाचीच नाही.

आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात कल्पनेला संरक्षण नाही, अभिव्यक्तीला आहे. सर्वोच्च न्यायालयानं 1978 मध्ये आर. जी. आनंद खटल्यात हे स्पष्ट केलं. तिथे वाद नाटक आणि चित्रपटाचा होता. नाणं कुठे लपलं ही झाली कल्पना. ते लपवताना केलेला अभिनय, बोलणं, रंगमंचाची मांडणी ही अभिव्यक्ती. याच कायद्यात नाट्यकृतीच्या व्याख्येत मूकाभिनयाचाही समावेश आहे, मात्र त्याची मांडणी लिहून किंवा अन्य रीतीनं नोंदलेली हवी. म्हणून जो जादूगार आपला प्रयोग पहिल्या हालचालीपासून शेवटच्यापर्यंत लिहून, चित्रित करून ठेवतो, त्याच्या हाती काहीतरी राहतं.

अमेरिकेतल्या टेलर या जादूगारानं नेमकं हेच केलं होतं. त्याच्या ‘शॅडोज’ प्रयोगात फुलदाणीत एक गुलाब असतो आणि मागच्या पडद्यावर त्याची सावली. टेलर सुरीनं सावली कापतो आणि खऱ्या गुलाबाच्या पाकळ्या गळून पडतात. 1983 मध्ये त्यानं हा प्रयोग मूकनाट्य म्हणून नोंदवला. पुढे दुसऱ्या एका कलाकारानं तसाच प्रयोग करून त्याचं गुपित विकायला काढलं. 2014 मध्ये नेवाडातल्या न्यायालयानं टेलरच्या बाजूनं निकाल दिला, पण जादूची युक्ती कॉपीराइटमध्ये बसत नाही हेही सांगितलं. जिंकली ती सावली आणि सुरीची नाट्यकृती.

पेटंटचा रस्ता तर उलटाच जातो. पेटंट हवं असेल तर युक्ती तपशिलानं लिहून सरकारदरबारी द्यावी लागते आणि ती कुणालाही वाचता येते. होरेस गोल्डिन या जादूगारानं बाईला करवतीनं कापण्याच्या प्रयोगाचं अमेरिकेत 1923 मध्ये पेटंट घेतलं. दहा वर्षांनी एका सिगारेट कंपनीनं जाहिरातीत त्या प्रयोगाची उकल छापली. गोल्डिन न्यायालयात गेला आणि हरला, कारण त्यानं स्वतःच ते गुपित सार्वजनिक केलं होतं.

उरतो तो विश्वासाचा कायदा. साहाय्यकाशी किंवा पेटी बनवणाऱ्या सुताराशी गुप्ततेचा लेखी करार केला असेल, तर तो मोडल्याबद्दल दाद मागता येते. व्यापारी गुपितांसाठी आपल्याकडे अजून स्वतंत्र कायदा नाही. विधी आयोगानं मार्च 2024 च्या 289 व्या अहवालात तो करण्याची शिफारस केली. पण पहिल्या रांगेत बसून, डोकं चालवून ज्यानं युक्ती ओळखली, त्यानं कुठलाच करार केलेला नसतो. त्याला कायदा अडवत नाही, आणि माझ्या मते अडवूही नये. डोकं चालवणं हा गुन्हा होऊ शकत नाही.

मदाऱ्याला यातलं काहीच लागू पडत नाही. त्याचा करार नाही, नोंदणी नाही. उलट 1959 च्या मुंबई भिक्षाप्रतिबंध कायद्याची व्याख्या अशी की रस्त्यावर गाऊन, नाचून, खेळ करून पैसे मागणाराही भिकारी ठरू शकतो. ज्या राज्यानं त्याच्या कलेला कला म्हणून ओळख दिली नाही, त्या राज्यात त्याच्या गुपिताचं रक्षण प्रेक्षकांच्या सभ्यतेवरच अवलंबून आहे. मला हा अन्याय वाटतो.

इथपर्यंत प्रश्न पोटापाण्याचा झाला. महाराष्ट्रात त्याला आणखी एक बाजू आहे, आणि ती रक्तानं लिहिली गेली आहे.

1584 मध्ये इंग्लंडच्या रेजिनाल्ड स्कॉटनं जादूच्या युक्त्या उघड करणारं पुस्तक लिहिलं. चेटकीण ठरवून माणसं मारली जात होती, आणि यात सैतान नाही, हातचलाखी आहे, हे त्याला दाखवून द्यायचं होतं. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते गेली कित्येक वर्षं गावोगाव तेच करत आले आहेत. मंत्रानं होम पेटवणारा बाबा पोटॅशियम परमँगनेटवर तुपाऐवजी ग्लिसरीन ओततो. पाण्यानं दिवा पेटतो, कारण आत कॅल्शियम कार्बाइड असतं. कार्यकर्ते आधी ‘चमत्कार’ करून दाखवतात, लोकांना चकित होऊ देतात आणि मग उकल सांगतात. शाळेच्या पटांगणात, गणपतीच्या मांडवात हे प्रयोग झाले. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी आयुष्य या कामाला दिलं. 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात ओंकारेश्वराजवळच्या पुलावर त्यांची गोळ्या घालून हत्या झाली. ज्या कायद्यासाठी ते अनेक वर्षं लढले, तो आधी वटहुकूम म्हणून आणि मग डिसेंबरमध्ये विधिमंडळाच्या मंजुरीनं आला.

त्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत तथाकथित चमत्कार करून पैसे मिळवणं आणि त्यांचा प्रचार करून लोकांना फसवणं किंवा दहशत बसवणं हा गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत, दंड पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत. मला या कलमात नीतीची स्पष्ट रेषा दिसते. हातातून अंगारा काढणारा आणि हातातून कबूतर काढणारा यांची युक्ती एकाच जातीची असू शकते. जादूगार तिकीट विकताना सांगतो की मी तुम्हाला फसवणार आहे, आणि आपण हौसेनं फसायला जातो. बाबा सांगतो की हे खरं आहे, आणि मग आजारी माणसाचं औषध बंद करतो. पहिल्याचं गुपित फोडणं म्हणजे कुणाच्या तरी कष्टाची माती करणं. दुसऱ्याचं न फोडणं म्हणजे त्याच्या धंद्यात भागीदार होणं.

अडचण येते ती दोघांची युक्ती एकच असते तेव्हा. बाबाचं बिंग फोडताना एखाद्या जादूगाराचा चांगला प्रयोगही मरतो. ते नुकसान खरं आहे, पण मी ते सोसण्याच्या बाजूचा आहे. जादूगार नवा प्रयोग बसवू शकतो, बंद झालेल्या औषधानं गेलेला जीव परत येत नाही. मात्र गरज नसताना उकल सांगत सुटणाऱ्यांनी दाभोलकरांचं नाव घेऊ नये. मोबाइलवर आज जे चालतं, त्यात बहुतेक वेळा कुणाचीच फसवणूक थांबत नाही. दुसऱ्याच्या श्रमावर प्रेक्षक गोळा होतात, एवढंच. शिकवणं वेगळं. ज्याला शिकायचं आहे तो पुस्तक घेतो, गुरू शोधतो, आरशासमोर महिनोन्‌महिने हात बसवतो. फाळक्यांची 1917 ची फीत या जातीची होती.

तेव्हा गिरगावातल्या एखाद्या वाडीत उत्सवात जादूचा कार्यक्रम असेल, तर टेबलामागे मोबाइल धरू नका, आणि युक्ती ओळखलीत तर शेजारच्या मुलाला त्याच क्षणी सांगू नका. पण कुणी चमत्काराच्या नावावर पैसे मागत असेल, तर गप्प बसू नका. जादूटोणाविरोधी कायद्याखालचा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, आणि तक्रार जवळच्या पोलीस ठाण्यात करता येते.