‘निकाली’ म्हणजे नेमके कधी?

विमा कंपनीत दावा ‘निकाली’ केव्हा निघतो? दावे विभागाच्या लेखी मंजुरी मिळताच. आयटी विभागाच्या लेखी रक्कम खात्यात जमा झाल्यावर. जाडजूड दस्तऐवजात हा भेद दडून राहतो आणि चाचणीच्या वेळी महागात पडतो.

इटलीच्या अल्बर्टो ब्रँडोलिनी यांनी २०१३ मध्ये मांडलेली ‘इव्हेंट स्टॉर्मिंग’ पद्धत तो आधीच उजेडात आणते. दोन्ही विभागांची मंडळी प्रत्येक घटना भूतकाळी क्रियापदात नारिंगी चिठ्ठीवर लिहून भिंतीवर कालक्रमाने लावतात. वादाच्या जागी वेगळ्या रंगाची चिठ्ठी. बीपीएमएनच्या काटेकोर आकृत्या त्यानंतरच काढाव्यात. आधी दाखवल्या तर व्यवसायाकडील मंडळी नुसती मान डोलावतात. आपल्या उदाहरणात मग ‘दावा मंजूर झाला’ आणि ‘रक्कम जमा झाली’ अशा दोन चिठ्ठ्या लागतात. ‘निकाली’ हा शब्द प्रणालीतून बाद होतो.