चिंध्यांची बाराखडी

मंडळी, आपल्या अमरावती जिल्ह्यात चांदूर दोन आहेत. एक चांदूर बाजार आणि दुसरं आपलं चांदूर रेल्वे. नावातला दुसरा शब्द गाळला की माणूस भलत्याच गावी पोचायचा. तेव्हा नाव नीट लिहिण्याची किंमत आपल्याला वेगळी सांगायला नको. तरीही आपल्या घरात एक वस्तू अशी असते, जिच्यावर नावच नसतं. ती म्हणजे गोधडी.

आजीचं लुगडं, आजोबांचं धोतर, लेकरांची झबली हे सगळं थरावर थर ठेवून धावदोऱ्यानं शिवलेलं असतं. कापड कोणाचं हे घरात सांगितलं जातं, पण शिवली कोणी हे दोन पिढ्यांत विसरलं जातं. म्हणून आज आपण गोधडीवर अक्षर कसं जोडायचं ते पाहू. कागदी नमुना नाही, छापा नाही, भरतकाम नाही. फक्त पट्ट्या कापायच्या आणि जोडायच्या.

यात देवनागरी आपल्याला मदत करते. बहुतेक अक्षरांत वर आडवी शिरोरेघ असते, पुष्कळांत उजवीकडे उभा दंड असतो आणि दंडाच्या डावीकडे अक्षराचं पोट. रेघ आणि दंड म्हणजे सरळ पट्ट्याच! उरतं ते पोट.

'प' घेऊ. अक्षराला गडद कापड, मोकळ्या जागेला फिकं. दोन्ही बाजूंना पाव-पाव इंच शिवणीत जातं, म्हणून दीड इंचाची पट्टी जोडल्यावर एक इंच दिसते. फिकट कापडाचा अडीच इंचाचा चौकोन घ्या. त्याच्या डावीकडे दीड इंच रुंद गडद पट्टी, मग खाली तशीच दुसरी. हे झालं पोट. त्याखाली अडीच इंच उंचीचा फिका तुकडा जोडा, म्हणजे पोट अधांतरी राहील. आता उजवीकडे वरपासून खालपर्यंत दंड. डाव्या कडेला एक इंचाची फिकी पट्टी आणि शेवटी वर शिरोरेघ. कडेची शिवण सोडली तर अक्षर साडेचार इंच रुंद आणि ६ इंच उंच होतं.

लक्षात आलं का? अक्षर जितकं गडद कापडानं होतं, तितकंच फिक्या कापडानं होतं. मोकळी जागाही कापून जोडावी लागते.

'न' तर याहून सोपा: मधे एक आडवी पट्टी, वर-खाली फिकं कापड, उजवीकडे दंड, वर रेघ. काना म्हणजे नुसता दंड. म्हणजे आत्ताच आपल्याला 'पान' शिवता आलं! 'प'च्या चौकोनात तिरपी पट्टी घाला, 'ष' झाला. 'व'चं गोल पोट हवं असेल तर चौकोनाच्या कोपऱ्यांवर फिके त्रिकोण जोडा, लांबून गोलच दिसतं. वेलांटी आणि मात्रेसाठी रेघेच्या वर एक फिकी पट्टी आधीच राखून ठेवा. उंची कमीजास्त झाली तर घाबरू नका. कमी असेल तिथे पट्टी वाढवा, जास्त असेल तिथे छाटा.

एक चूक मात्र हमखास होते. शिवताना कापड उलटं असतं, त्यामुळे दंड डावीकडे जातो. प्रत्येक जोडाआधी तुकडे सुलट मांडून एकदा वाचून घ्या.

कोणी म्हणेल, "मले लिवता येत नाही, मंग हे कसं जमन?" जमतं. उलट इथे अक्षर हाताला आधी कळतं. दंड कुठे, पोट कुठे हे शिवताना ठरवावंच लागतं, आणि एकदा ठरवलेलं हात विसरत नाही.

गाडगेबाबा आपल्याच जिल्ह्यातले. जन्म १८७६ चा, शेंडगावचा. चिंध्यांची वस्त्रं अंगावर घालून ते गावोगाव फिरले. स्वतः शाळेत शिकले नाहीत, पण लेकरांना शिकवा म्हणून कीर्तनातून लोकांना विनवत राहिले. आज अमरावतीचं विद्यापीठ त्यांच्या नावानं आहे. चिंधी आणि अक्षर यांचं नातं आपल्या मातीला नवं नाही.

तेव्हा पुढची गोधडी शिवाल, तेव्हा एका कोपऱ्यात चार-पाच अक्षरांची जागा सोडा. लेकराचं नाव घालायचा मोह होईल, तेही घाला. पण शिवणारीचं नाव आधी!