फिश टँकचं भोक मोठं करण्याआधी

"पाणी उतरत नाही ना? मग भोक मोठं करून घ्या." यवतमाळात घरी फिश टँक ठेवणाऱ्याला मे महिन्यात हा सल्ला हमखास मिळतो. पाणी तापलं की मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करू लागतात. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसातच. मग पाणी जास्त खेळतं राहावं म्हणून मोठा पंप येतो, ओव्हरफ्लोला, म्हणजे जादा पाणी खाली नेणाऱ्या भोकाला, तेवढं पाणी झेपत नाही आणि सगळा दोष भोकावर जातो.

मीही तो भोकालाच दिला होता. त्या भोकात बसवलेला टँक निपल, म्हणजे नळीचा जोड, काढला तेव्हा आत पांढरा, नखाने न निघणारा थर दिसला. २५ मिमीच्या वाटेत चारी बाजूंनी ३ मिमी क्षार साचला, तर उरतात १९ मिमी. म्हणजे वाटेचं क्षेत्रफळ ४२ टक्क्यांनी घटलं. आपल्या जिल्ह्यात हे नवल नाही. वणीजवळ राजूरला चुनखडीच्या खाणी आणि चुन्याच्या भट्ट्या आहेत, मुकुटबनला सिमेंटचा कारखाना आहे. चुनखडीतून झिरपलेलं पाणी कॅल्शियम विरघळवूनच बोअरमध्ये येतं. हे पाणी ओव्हरफ्लोशी खळखळतं, त्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि विरघळलेला चुना नेमका तिथेच बसतो. त्यामुळे ड्रिल हातात घेण्याआधी निपल आणि एल्बो काढून रात्रभर व्हिनेगरात किंवा लिंबूसत्त्वाच्या पाण्यात बुडवून ठेवा, धुवा आणि पुन्हा लावून पाहा. बऱ्याचदा काम तिथेच संपतं.

साफ करूनही पाणी कमी पडत असेल, तर भोक नव्हे, निपलचा आतला व्यास मोजा. पाणी काचेच्या भोकातून नाही, निपलमधून जातं. काच कितीही कोरली आणि निपल तोच ठेवला, तर प्रवाह थेंबभरही वाढत नाही.

"भोक मोठं केलं की पाण्याचा दाब वाढून काच फुटेल," हीही भीती असते. दाब ठरतो खोलीवर. ४५ सेंटिमीटर पाण्याखाली ५० मिमीचं भोक असेल, तर तिथे पाण्याचा एकूण जोर एक किलोहूनही कमी असतो. तळहाताने सहज थोपवता येईल एवढा. काच जाते ती भोकाच्या कडेला राहिलेल्या बारीक चिरेमुळे, नाहीतर पान्याने गच्च आवळलेल्या नटामुळे. नट हाताने आवळावा, वर फार तर पाव फेरा द्यावा. रबरी वॉशर पाण्याच्या बाजूला, म्हणजे टाकीच्या आत, निपलच्या कॉलरखाली बसतो. तो नीट बसला तर सिलिकॉन थापायची गरज पडत नाही.

खरा धोका कडेच्या अंतराचा आहे आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. भोकाच्या कडेपासून काचेच्या कडेपर्यंत निदान भोकाच्या व्यासाएवढी काच राहावी, हा नेहमीचा नियम. समजा ३५ मिमीचं भोक कडेपासून ४५ मिमीवर आहे. ते ६० मिमीचं केलं की कड साडेबारा मिमीने जवळ येते, अंतर उरतं साडेबत्तीस, आणि हवे असतात ६०. अशा टाकीला मी हात लावणार नाही. त्यापेक्षा पुरेशा अंतरावर ३५ मिमीचं दुसरं भोक पाडावं. वाट दुप्पट होते, शिवाय एकात पान किंवा गोगलगाय अडकली तर दुसरं चालू राहतं.

"टफन ग्लास मजबूत, तिला सहज भोक पडतं," हा समज सगळ्यात महागात पडतो. टफन काच कोरायला घेतली की एका क्षणात तिचा चुरा होतो. बाजूंच्या काचा साध्या आणि तळ टफन, अशाही टाक्या असतात. ओळखायला काचेमागे लॅपटॉपचा पांढरा पडदा धरा आणि पोलराइज्ड गॉगलमधून पाहा; गडद पट्टे किंवा ठिपके दिसले तर टफन समजा.

काच साधी असेल आणि अंतरही पुरत असेल, तर भोक नक्की मोठं करता येतं. डायमंड होल सॉ काच कापत नाही, घासते. तिला मधोमध टोक नसतं आणि जुन्या भोकावर टेकायला जागाही नसते, म्हणून ती भरकटते. प्लायवूडच्या तुकड्याला हव्या त्या मापाचं भोक पाडून तो काचेवर क्लॅम्पने घट्ट बसवा. सॉ त्यातच फिरते. भोवती कणकेची पाळ करून पाणी भरा, कारण काच उष्णता पसरवत नाही, एकाच जागी तापते आणि तडकते. मागून चिकटपट्टी लावा. ड्रिलचा वेग कमी, हॅमर बंद, आणि शेवटच्या मिलिमीटरला हात अगदी हलका. गॉगल आणि मास्क हवाच.

वीज गेली की मोठ्या भोकातून टाकी रिकामी होते, असंही ऐकू येतं. वरच्या ओव्हरफ्लोतून पाणी त्याच्या ओठापर्यंतच उतरतं. उलट दिशेने पाणी ओढते ती पंपाची परतीची नळी, तिचं तोंड उघडं पडेपर्यंत. तीन बाय दीड फुटांच्या टाकीत पातळी एक इंच उतरली, तर साडेदहा लिटर संपमध्ये, म्हणजे खालच्या टाकीत, येतात. तेवढी जागा संपमध्ये मोकळी ठेवा.

टाकी रिकामी करताना पाणी ओतून देऊ नका. २०१८ च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह ही धरणं आटली तेव्हा ड्रमभर पाण्याची किंमत शहराने पाहिली आहे. शिवाय माशांनाही तेच जुनं पाणी मानवतं. काम झाल्यावर टाकी अंगणात सपाट फळीवर भरा, निपलखाली वर्तमानपत्र अंथरा आणि चोवीस तास थांबा. कागद कोरडा राहिला, तरच मासे परत सोडा.